सेवादासची पाच वाक्यं

बाभुळगावच्या शाळेत अनंत मास्तर इंग्रजी शिकवत. वर्गात शिकवत, चहाच्या टपरीवर शिकवत, बायकोला भाजी निवडतानाही शिकवत. नागपूरला कॉलेजात दोन वर्षं काढली आणि वडील वारले, डिग्री राहून गेली. त्या राहिलेल्या डिग्रीचा वचपा ते पोरांवर काढायचे. गाईडाचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरे. गाईडातली वाक्यं उतरवलेली वही ते सगळ्यांसमोर टराटरा फाडत आणि तुकडे ज्याचे त्यालाच झाडायला लावत.

"तुमच्या घरात काही घडत नाही का रे?" ते ओरडत. "म्हैस आटली असेल, आजोबा पडले असतील, ते लिहा! इंग्रजी काय फक्त लंडनात घडतं?"

बासष्ट सालच्या हिवाळ्यात त्यांनी मॅट्रिकच्या वर्गाला एक शब्द दिला, एस्केप. पोरं म्हणाली, पळणं. मास्तरांनी कपाळावर हात मारला. चोर कोठडीतून पळतो तो एस्केप, पण माणूस अपघातातून वाचतो तोही एस्केपच. किटलीतून वाफ निसटते, एखादं नाव आठवणीतून जातं, चूक तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते, सगळीकडे हाच शब्द. तर पाच वापरांची पाच वाक्यं, प्रत्येकाने स्वतःच्या घरातली, गुरुवारपर्यंत.

वर्गात सेवादास नावाचा एक बंजारी गडी होता. गडीच म्हणायचा, कारण वय एकवीस, ओठावर दाट मिशी, घरी बायको. त्यांच्या तांड्यावर शाळाच उशिरा आली, म्हणून तो मॅट्रिकला उशिरा आला. चार मैल चालत येई आणि मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसे. त्याची वही आतापर्यंत दोनदा फाडली गेली होती. दोन्ही वेळा त्याने मान खाली घालून तुकडे गोळा केले होते. तिसऱ्यांदा ते करायची त्याची तयारी नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर ओट्यावर वह्यांचा ढीग घेऊन बसले. सेवादासच्या पानाच्या माथ्यावर इंग्रजीत एक ओळ होती. सर, हे वर्गात वाचू नका, अशी विनंती होती ती, पण क्रियापद चुकलेलं. मास्तरांनी लाल शाईने क्रियापद दुरुस्त केलं, समासात बरोबर रूप लिहून दाखवलं आणि ते खालच्या वाक्यांकडे वळले. खाली मात्र एकही चूक नव्हती. पाची वाक्यं चोख! मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी बायकोला, कुंदाताईंना, हाक मारली आणि वाक्यं मराठी करून ऐकवली.

कुंदाताई हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या. "हे खरं असेल का हो?"

"खरं-खोटं राहू दे. काळ बघ किती नेमका वापरलाय!"

"पण खरं असेल तर?"

"अगं, भाषेचा विषय आहे हा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुढची वही उघडली.

शुक्रवारी तपासणीसाठी यवतमाळहून साहेब येणार होते. ते आले, वर्गात मागच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी मास्तरांना मान हलवून इशारा केला. मास्तरांनी टेबलावरच्या वह्यांतली कुठली उचलली असेल, ते सांगायला नको.

"ऐका, इंग्रजी कशाला म्हणतात ते ऐका," असं म्हणून त्यांनी पहिलं वाक्य खणखणीत वाचलं आणि लगेच मराठी केलं. मराठी करण्याची त्यांची पद्धतच होती, कारण अर्ध्या वर्गाला इंग्रजी डोक्यावरून जाई. "माझी बहीण नवऱ्याच्या घरातून पळाली. हा झाला साधा वापर. आता दुसरा बघा. तिच्या घागऱ्यावर राकेल ओतलं होतं, पण ती जळण्यातून वाचली."

सेवादास उभा राहिला. "सर..."

"बस. स्तुती ऐकायलाही शिकावं लागतं." साहेब हसले. मास्तरांना अधिकच जोर चढला. "तिसरं. ती राहते त्या झोपडीच्या छपरातून धूर निसटतो. वा! चौथं तर फारच छान, आठवणीचा वापर, आणि तोही नकारात. त्या जागेचं नाव माझ्या डोक्यातून कधी जात नाही, झरीच्या जंगलातलं श्रावण कोलामाचं पोड."

"सर, पुरं करा जी," सेवादास म्हणाला.

"आणि पाचवं. नवऱ्याच्या माणसांच्या नजरेतून ती अजून सुटलेली आहे."

मग तिसऱ्या बाकावरून देवीलालने हात वर केला. हाही तांड्यावरचाच, पण दारव्ह्याकडच्या. इथे आत्याकडे राहून शिकत होता. वर्षभरात त्याने वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता.

"सर, हे झरी कोनीकडं येते?"

साहेबांसमोर पोराने प्रश्न विचारावा, ह्याहून मोठं सुख मास्तराला कोणतं? त्यांनी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा छडीने दाखवला. हे यवतमाळ, हे पांढरकवडा, इथपर्यंत एसटी जाते, मग हा रस्ता, हे झरी, आणि हा हिरवा सगळा भाग म्हणजे जंगल. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात, हेही त्यांनी समजावून सांगितलं. देवीलालने ते वहीत उतरवून घेतलं.

सेवादास तोवर वर्गाबाहेर गेला होता. परवानगी न विचारता गेला, म्हणून मास्तरांनी हजेरीत त्याच्या नावापुढे फुली मारली. साहेबांनी जाताना शेरा लिहिला, उत्तम. तो शेरा मास्तरांनी त्या दिवशी चौघांना वाचून दाखवला. कुंदाताईंनी ऐकून घेतला आणि त्या आत निघून गेल्या.

शनिवारी सेवादास आला नाही. देवीलालही आला नाही. सोमवारी दोघांच्या जागा मोकळ्या होत्या. मास्तर चिडचिड करत राहिले, परीक्षा तोंडावर आणि ह्यांना घरी राहायचं सुचतं! खरी गोष्ट त्यांना आठ दिवसांनी कळली, सेवादास दाखला न्यायला आला तेव्हा.

तो शाळेच्या पडवीत उभा होता. डोळे आत गेले होते, दाढी वाढलेली. मास्तर म्हणाले, "दाखला? वेड लागलं का तुला? तू तर पहिला येशील इंग्रजीत!"

"बाबूसिंगनं, तिच्या नवऱ्यानं, नेलं माह्या बहिणीले," सेवादास म्हणाला. "देवीलाल त्याचा पुतन्या होय. तुमी वाचलं त्याच दिवशी तो गावी गेला. मले राती गाडी नोती, सकाळच्या गाडीनं निंघालो, बाबूसिंगचे मानसं टरक घेऊन राती आधीच पोचले होते. श्रावण बुढ्याले काठ्यांनी झोडपलं, घर पेटवलं. तिले ओढत नेलं."

मास्तरांना पहिल्यांदा काही उमजलंच नाही. देवीलाल पुतण्या? त्यांना तांड्यावरची पोरं म्हणजे तांड्यावरची पोरं, एवढंच ठाऊक होतं. कोण कोणाचा काय लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"पण तू... असं लिहिलंस कशाला?"

"खरं लिहा म्हणत होते ना तुमी. अन् मले वाटलं, इंग्रजीत लिहिलं मंजे कुलपात ठेवलं. आमच्यात कोनाले येते इंग्रजी? देवीलालले तरी कुठं येते? कुलूप तुमी उघडलं." तो जरा थांबला. "वर लिहिलतं मी, वाचू नका म्हनून. तुमी त्यातली चूक काढली."

मास्तरांनी पोलिसांत जाऊ म्हटलं. सेवादास जाऊन आला होता. नवराबायकोचं भांडण आपसात मिटवा, एवढं ऐकून तो परत आला होता.

"मी तिकडं गेलतो, तिच्या दारात," तो म्हणाला. "तिनं तोंड फिरवलं. ते पोड माह्याशिवाय कोनालेच माहीत नोतं, मायलेबी नाई. तिले वाटते, मी पैसे घेऊन सांगतलं. मास्तर, ती आता तिथंच मरन, मले समजते ते. पन माह्या नावानं मरू नये. तुमी जा अन् तिले सांगा."

मास्तर जातो म्हणाले. म्हणाले खरे, पण जायला त्यांना अकरा दिवस लागले. आधी ताप आला, मग चाचणी परीक्षा आली, मग एक दिवस एसटी चुकली. भीती होती, दुसरं काही नाही. शेवटी कुंदाताईंनी एका सकाळी डबा बांधून पिशवीत ठेवला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

दारव्ह्याच्या अलीकडे उतरून तीन मैल चालल्यावर तांडा आला. बाबूसिंगचं घर कोणीही दाखवलं असतं. अंगणात खाटेवर चाळिशीचा धिप्पाड माणूस दोर वळत बसला होता. दाराशी एक बाई जात्यावर ज्वारी दळत होती. वय वीस-बावीसच्या वर नसेल. उजवा पाय तिने पुढे पसरला होता, आणि तो घोट्यापासून भलतीकडे वळलेला होता. पायाला चिंधी बांधली होती. मास्तरांनी तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं धाडस त्यांना झालं नाही.

"मी अनंत मास्तर. बाभुळगावच्या शाळेतून आलो."

बाबूसिंग ताडकन उठला. मास्तर एक पाऊल मागे सरले. पण त्याने वाकून नमस्कार केला, खाट झटकली आणि त्यांना बसवलं.

"तुमीच का ते? देवीलाल सांगत होता. नकाशात दाखवलं म्हने! लई उपकार झाले, मास्तर. सहा महिने धुंडून राह्यलो होतो मी."

जातं थांबलं. बाईने मान वर केली.

मास्तरांनी येताना वाटेत बोलणं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. ते खाटेवरून उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "तुमच्या भावाने कोणाला सांगितलं नाही. त्याने फक्त वहीत लिहिलं होतं. ते मी वर्गात वाचलं."

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो खुशीत मान हलवत होता. मास्तर खोटं बोलत नाहीत, हे तिला त्या मानेवरूनच कळलं असावं.

"मंग त्यानं नाई सांगतलं?"

"नाही. वाचू नका, असं त्याने मला लिहून दिलं होतं."

"मंग काहून वाचलं?"

जे खरं होतं, तेच मास्तरांच्या तोंडातून बाहेर पडलं. "वाक्यं चांगली होती."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रडली नाही, चिडली नाही. एवढा शिकलेला माणूस एवढ्या लांबून हेच सांगायला आला, ह्याचं तिला नवल वाटत असावं. मग तिने विचारलं, "माहं नाव होतं का त्यात?"

"नाही. माझी बहीण, एवढंच होतं."

"तुमाले माहीत हाय का माहं नाव?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. सेवादासने पडवीत सांगितलं असेल का? नव्हतं सांगितलं. त्यांनी विचारलंही नव्हतं. तिच्यावरची पाच वाक्यं त्यांना पाठ होती, राकेल, छप्पर, धूर, सगळं.

"हंसे," बाबूसिंग खाटेवरून म्हणाला, "मास्तरले च्या ठेव."

हंसाने भिंतीला हात लावला आणि ती हळूहळू उठली. वळलेला पाय ओढत ती चुलीपाशी गेली. मास्तर खाटेवर येऊन बसले. चहा आला, तो त्यांनी बाबूसिंगसमोर बसून प्यायला.