नदीने सोडलेले वळण

मी एक जुने वळण आहे, मित्रांनो. नदी मला सोडून गेली, त्याला किती वर्षे झाली ते मोजायला माझ्याजवळ कोणी थांबले नाही.

नदीचा स्वभाव मुळातच हट्टी. सपाटीवर आली की ती सरळ म्हणून चालत नाही. माझ्या बाहेरच्या काठावर तिचे पाणी जोरात आदळायचे आणि माती खरवडून न्यायचे. आतल्या काठाशी तेच पाणी रेंगाळायचे आणि गाळ टाकायचे. असे होता होता मी घोड्याच्या नालासारखे वाकले, माझी दोन टोके जवळ आली. मग एका मोठ्या पुरात नदीने मधली चिंचोळी जमीन फोडली आणि सरळ निघून गेली. पुढे माझी दोन्ही तोंडेही तिच्याच गाळाने बुजली. उरले ते मी, नालाकृती सरोवर. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात माझे चित्र असते. परीक्षेत दोन गुणांना येते. माझ्या काठावरच्या शाळेतली मुलेही ते काढतात, पण खिडकीबाहेर बघत नाहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मीच!

एकटेपणाची सवय होते म्हणे. मला झाली नाही. पूर आला की नदीचे पाणी काठ ओलांडून माझ्यात उतरायचे, चार दिवस मुक्काम करायचे. त्या चार दिवसांच्या आशेवर मी वर्ष काढत असे. आणि तेवढे पाणी माझ्यात मावले, की वस्ती कोरडी राहायची.

एका कडक उन्हाळ्यात भूमापक आला. मी आटले होते. त्याने कागदावर लिहिले, ‘खड्डा. कोरडा.’

काठावर रोपवाटिका चालवणारी म्हातारी धावत आली. “अरे बाबा, खड्डा काय लिहितोस? पुराचं पाणी आधी इथंच येतं.”

“आजी, मला दिसतं तेच लिहावं लागतं. आत्ता आहे का पाणी?”

“पाहुणा गेला म्हणून कुणी खोली पाडतं का रे?”

तो हसला, पण कागद बदलला नाही. खड्डा म्हटला की तो बुजवायचाच. मातीचे ट्रक आले, आणि दोन वर्षांत माझ्या अंगावर घरे उभी राहिली.

तिसऱ्या वर्षी मोठा पूर आला. नदीला जागाच मिळाली नाही. ती नव्या घरांत शिरली, म्हातारीची सगळी रोपे घेऊन गेली. लोक नदीला बोल लावत होते. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की ती कुणावर चालून आली नव्हती. ती माझ्याकडे आली होती.

पाणी ओसरल्यावर भूमापक पुन्हा आला, मान खाली घालून. म्हातारी त्याच्यावर चिडली नाही. “किती उरलंय ते तरी नीट मोज,” म्हणाली, आणि फितीचे दुसरे टोक धरून चिखलात उभी राहिली. माझा एक तृतीयांश भाग उरला होता.

मित्रांनो, तेवढा तरी बुजवू देऊ नका. नदी पुन्हा मला शोधत येणार आहे. मी सापडले नाही, तर ती मला तुमच्या घरात शोधेल.