डोंगर फुटणार म्हणे

मी साळूचा पाटा बोलतोय. पनवेलच्या मागच्या डोंगरावर कातकऱ्यांची सहा घरांची वाडी, तिथे साळूच्या ओट्यावर मी पडून असतो. स्वभावाने संशयी आहे. जन्मभर मिरची वाटल्यावर गोड बोलणारा माणूस मला चालत नाही.

माझा जन्म आगीतला. जमिनीखाली प्रचंड भूपट्ट सरकत असतात आणि ज्वालामुखी कुठल्या जातीचा निपजणार ते त्यांच्या सरकण्यावर ठरतं. एक पट्ट दुसऱ्याखाली घुसला की चिकट लाव्हा वर येतो, आत वाफ कोंडते आणि उंच डोंगर धडाक्याने फुटतो. समुद्राच्या तळाशी दोन पट्ट एकमेकांपासून दूर झाले की फटीतून लाव्हा गुपचूप येतो नि थिजतो. आमचं तिसरंच. आमचा पट्ट एका खोल भट्टीवरून चालला होता. जमिनीला भेगा पडल्या, पातळ लाव्हा लांबवर पसरला, थरावर थर बसले. म्हणून आमच्या डोंगरांना पायऱ्या आहेत. पुढे पट्ट सरकला आणि भट्टी दूर दक्षिणेच्या समुद्रात राहिली. आमचा लाव्हा थिजल्याला साडेसहा कोटी वर्षं झाली.

पाथरवटाने मला घडवलं आणि साळूच्या नवऱ्याने बाजारातून खांद्यावर वर आणलं. तो आता नाही. अधूनमधून टाकीवाली छिन्नी-हातोडा घेऊन येते आणि माझ्या अंगावर नव्या खाचा पाडते. दुखतं, पण त्याशिवाय वाटण बारीक होत नाही.

गेल्या महिन्यात प्रणित नावाचा जमिनीचा दलाल आला. पांढरे बूट, हातात मोबाईल. त्यात एक डोंगर फुटत होता.

"मावशी, वरच्या भेगेतून धूर येतोय ना? तुमचा डोंगरपण असाच फुटणार. साहेबांनी खाली तुमच्यासाठी रूम बघितल्यात. जागा राजीखुशीने सोडली असं लिहिलंय, एवढ्या कागदावर अंगठा द्या."

धूर खरंच येत होता. पण रोज नऊला सुरू व्हायचा आणि दुपारी बंद. ज्वालामुखीला जेवणाची सुट्टी असते, हे मला नवीन होतं. शिवाय प्रणित भेगेकडे एकदाही फिरकला नाही. शेजारच्या तुळशीरामाने मात्र घाबरून अंगठा दिला. त्याच्यामागून आणखी चार घरांनी दिला.

साळूची लेक दिपा आश्रमशाळेत नववीला आहे. तिने भूगोलाचं पुस्तक उघडलं.

"आये, त्याच्या मोबाईलमधला डोंगर येगळ्या जातीचा हाय. तिथं एक पट्ट दुसऱ्याखाली जातो. आपला कवाच इझलाय."

"पुस्तक लिवनारा हितं आला व्हता का?" साळू म्हणाली. तिचा पुस्तकावरही भरवसा नव्हता. याबाबतीत ती माझ्यासारखीच आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच भेगेपर्यंत चढली. परतली तेव्हा बोटं काळी होती. तिने माझ्यावर राख ठेवली, शेजारी अर्धवट जळलेला टायरचा तुकडा.

"ओला पेंडा नि टायर. बारा वर्सं कोळशाच्या भट्ट्या लावल्या मी, धूर मला वळखू येतो. ह्यो जमिनीचा नाय, मानसाचा हाय."

प्रणित शाईची डबी घेऊन आला तेव्हा तिने तोच तुकडा त्याच्या कागदावर ठेवला. "ह्यो तुमचा लाव्हा. घेऊन जा." तो कागद झटकून निघून गेला. त्या दिवसापासून धूर बंद आहे. मला फार बरं वाटलं, पण ते टिकलं नाही.

पाच घरं तोवर मोडली होती. साळू खाली गेली, तर ती माणसं रस्त्याकडेला ताडपत्रीखाली. रूम कुठेच नव्हत्या.

"डोंगर फुटनार नाय, माघारी चला," ती तुळशीरामाला म्हणाली.

"अंगठा दिलाय, वैनी. आता डोंगर त्यांचा."

मी दगड, मला साक्षीला कोण बोलावणार? तुम्हाला बोलता येतं, चालता येतं. तुळशीराम भेटला तर त्याला सांगा की फसवून घेतलेल्या अंगठ्याचा जाब मागता येतो. लवकर सांगा. सहातली पाच घरं त्यांना हलवता आली, साळूचं तर आता एकच घर उरलंय.