खालून येणारा एक ठोका

“ताई, हा तोंड खाली करून बोलतो, हं! तुम्हाला ऐकू येईल त्यापेक्षा खालच्या मजल्यावर जास्त जाईल. याच्या पायांखाली जाड फोम घाला,” दुकानदाराने बजावले होते. ताईच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती आणि ती हाताला लागेल ती वायर तोंडात घालत होती. तिच्या मुठीतून वायर सोडवता सोडवता ताई म्हणाली, “एवढासा तर आहे! याचा कोणाला काय त्रास होणार?”

मित्रांनो, तो एवढासा म्हणजे मी. मी एक जुना सबवूफर आहे, आणि ती ताई म्हणजे आमच्या घरातली आई. छोटे स्पीकर गातात आणि मी त्यांच्या मागून घुमतो. गाण्यातला जाड, खालचा आवाज माझा. एका कारखान्यात दाबलेल्या लाकडाच्या सहा फळ्या चिकटवून माझी पेटी झाली. मग एका कामगार बाईने माझा कागदी पडदा दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिला, जसा तापलेल्या पोराचा गाल पाहावा तसा, आणि मला पुढे सरकवले. मला इतक्या मायेने हात लावणारी ती पहिलीच.

दुकानात माझ्या शेजारी एक बारा इंची दांडगा उभा होता. बाबांचा जीव त्याच्यावर जडला होता.

“खोली केवढी आहे?” दुकानदाराने विचारले.

“दहा बाय बारा.”

“मग हा नेऊन भिंती पाडायच्यात का? लहान खोलीत मोठा सबवूफर नुसता गुरगुरतो. तुम्हाला हा आठ इंची पुरे. अ‍ॅम्प्लिफायर याच्या पोटातच आहे, वेगळा घ्यायला नको.”

आईने माझ्यावरची चिठ्ठी उलटून पाहिली आणि तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. मी खिशाला परवडणारा निघालो. बाबा मात्र जिवलग मित्राला स्टेशनवर सोडून निघाल्यासारखे मागे वळून पाहत होते.

मला कुठे ठेवायचे हे ठरवण्याची एक गमतीची रीत आहे. आधी मलाच माणसाच्या जागी सोफ्यावर बसवतात, गाणे लावतात आणि माणूस खोलीभर रांगत फिरतो. जिथे घुमारा भरदार आणि स्वच्छ ऐकू येईल ती माझी जागा. बाबा रांगू लागले. तोपर्यंत नुसती पोटावर सरकणारी मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली, तिने गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यामागे रांगत निघाली! आईने टाळी वाजवली आणि पुढच्याच क्षणी विचारले, “अहो, फरशी गार नाही ना?”

खिडकीजवळचा कोपरा पक्का झाला. त्या आनंदात फोम सगळेच विसरले.

त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, खालच्या मजल्यावरच्या मावशींचे शिलाई मशीन होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. मावशी एकट्या राहत. जन्मभर कपडे शिवलेल्या त्या बाई गळ्यात टेप घालूनच वर आल्या.

“कोण बडवतंय हो? माझ्या डबीतल्या टाचण्या नाचतायत. तिकीट लावू का बघायला?”

आई लाजेने लाल झाली. “चुकलं मावशी. फोम घाला म्हणून सांगितलं होतं, मीच मनावर घेतलं नाही.”

तेवढ्यात मुलीने मावशींचा टेप ओढून तोंडात घातला. मावशी खाली वाकल्या. “पंचवीस वर्षांचा आहे तो, बाई. चव कशी आहे ते तरी सांग.”

संध्याकाळी त्या परत आल्या त्या फोमचे चार तुकडे घेऊन. जुन्या उशीतला फोम त्यांनी माझ्या पायांच्या मापाने कापला होता. जाताना म्हणाल्या, “पोरीला झोपवायचं गाणं लावता ना साडेसहाला, ते लावत जा. आवाज बेताचा असला तर मी छताला एक ठोका देईन. तीन दिले तर समजायचं, मावशी खवळल्या.”

तेव्हापासून रोज गाणे संपले की खालून लाकडी मापपट्टीचा एक ठोका येई. तो फरशीतून, फोममधून थेट माझ्या पायांत शिरे. बाकी माझ्या आवाजाला दाद कोण देणार! मुलगी मला धरून उभी राहायला शिकली. पुढे तिने माझ्या मागच्या भोकात एक चमचा, एक मोजा आणि अर्धे बिस्कीट जपून ठेवले. माझ्यावर धूळ साचली. पण ठोका चुकला नाही.

आई काळजीखोर. एक दिवसाआड खाली जाऊन ती मावशींचे दार वाजवी. शेवटी मावशी वैतागल्या. “सारखी सारखी काय येऊन बघतेस? मी काय गॅसवर ठेवलेलं दूध आहे?” आई हसली, पण मनातून ओशाळली. त्यानंतर तिने खाली जाणे बंद केले. तिला एक ठोका पुरे झाला.

आणि एका संध्याकाळी तो आलाच नाही.

“बरं झालं, सवय झाली त्यांना,” बाबा म्हणाले.

आईने गाणे पुन्हा लावले. खाली शांतता.

“अगं, बाहेर गेल्या असतील.”

“चपला दाराशी होत्या. मी येताना पाहिल्या.”

“मग झोपल्या असतील. जाशील आणि पुन्हा बोलणी खाशील.”

आई क्षणभर घुटमळली. मग ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली, हात माझ्या पाठीमागे नेला आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले.

“अगं, फाटेल तो!”

“फाटू दे. मावशी भांडायला तरी येतील!”

मित्रांनो, इतक्या मोठ्याने बोलायला मला कोणी कधी सांगितले नव्हते. खिडकीच्या काचा थरथरल्या, कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या. माझ्या पडद्याच्या रबरी कडेला चीर गेली ती मला कळली. पण आईने बटण मागे घेतले नव्हते, म्हणून मीही थांबलो नाही. शेजारी आले, वरच्या मजल्यावरचे आले, मावशींच्या समोर राहणारे काका तर तावातावाने आले. ज्यांनी यायला हवे होते, त्याच आल्या नाहीत.

“काका, मावशींची किल्ली तुमच्याकडे असते ना?” आईने विचारले. तिचा चेहरा पाहून काका भांडण विसरले. आई अनवाणीच त्यांच्यामागे धावली.

मावशी मशीनशेजारी पडल्या होत्या. दुपारी पाय घसरला, मांडीचे हाड मोडले. त्यांनी आईचा हात घट्ट धरला. “गाणं ऐकू येत होतं गं. पट्टीच हाताला लागत नव्हती.” मग अँब्युलन्सची वाट पाहताना हळूच म्हणाल्या, “आणि केवढ्यानं लावलंस! तीनदा मूठ आपटली मी फरशीवर.” आई रडता रडता हसली.

माझ्या गळ्यातून आता नुसती घरघर येई. बाबांनी मला भंगारात द्यायला दाराशी आणून ठेवले. तीन महिन्यांनी काठी टेकत वर आलेल्या मावशींनी मला तिथेच पाहिले.

“याचं काय फाटलंय? कड? अहो, जन्मभर मी कडाच तर शिवल्या!”

त्यांनी मऊ कापडाची उरेब पट्टी कापली, कारण तिरपी कापलेली पट्टीच गोलाईवर नीट बसते. पंक्चरवाला वापरतो तसल्या सोल्यूशनने ती माझ्या पडद्याभोवती चिकटवली आणि दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिली. मला कारखान्यातली बाई आठवली. आता माझा आवाज जरा बसका येतो, पण येतो. मुलगी शाळेत जाते, तरी साडेसहाचे गाणे चालू आहे. आणि खालून एक ठोका.

आई आता मावशींची बोलणी खुशाल खाते आणि खाली जातेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती एकच विचारते, म्हणून तुम्हालाही तिच्या वतीने विचारतो. मित्रांनो, तुमच्या ओळखीत असा एक ठोका असेलच. कोणाचा रोजचा खोकला, कोणाच्या बादलीचा आवाज, कोणाचे ‘काय गं, आलीस का?’ तो आज ऐकलात का? नसेल, तर हे इथेच ठेवा आणि जाऊन त्यांचे दार वाजवा. रागावले तर रागावू देत.