छावणीच्या डुकरांचं खत

लढाईच्या दिवसांत भिंगारच्या छावणीत गोऱ्या पलटणीसाठी डुकरं पाळली होती. त्यांची घाण जो उचलेल त्याची, असा तिथला कारभार होता. पण उचलत कुणीच नव्हतं. दिवाळी झाल्यावर गहिनीनाथ मात्र गाडी भरभरून ती घेऊन आला. त्या साली त्याची म्हैस दगावली होती, पेंड बाजारातून नाहीशी झाली होती, आणि त्याची बायको बनुबाई हिच्या मुरमाड तुकड्यात खतावाचून कांदा गोटीपलीकडे वाढत नव्हता.

वास सुटू नये म्हणून गहिनीनाथनं तो ढीग धान्याच्या कणगीसारखा शेणामातीनं लिंपून घेतला. थोड्याच दिवसांत लिंपण फुगलं, तडकलं, आणि आतून जे बाहेर आलं त्यानं मोटेचे बैलसुद्धा माना फिरवू लागले.

ढिगाजवळची विहीर दोघा भावांत सामाईक होती. गहिनीनाथचा थोरला भाऊ सूर्यभान नाकाला उपरणं लावून बांधावर आला.

"पौषाच्या अवसेला यीन. वास आला तर जिथनं आनलं तिथं नेऊन टाकायचं. मग बायकू रडली तरी मी आयकायचो न्हाई."

बनुबाई रडली नाही. तिनं लिंपण फोडून आत पाहिलं. सगळा नुसता चिकट गोळा होता. पीठ सैल झालं तर कोरडं पीठ घालून सावरायचं, एवढं तिला कळत होतं. तिनं ज्वारीची धसकटं वेचली, तुराट्या मोडल्या, भुईमुगाची टरफलं गोळा केली, आणि नवऱ्याला खोऱ्यानं ते सगळं त्यात कालवायला लावलं. डुकराच्या घाणीत राबतोय म्हणून भावकी हसली. गहिनीनाथनं तोंडाला फडकं बांधलं, त्यामुळे त्यानं काय उत्तर दिलं ते कुणाला कळलं नाही. आता ढिगात वारा खेळू लागला. तो तापला, त्यातून वाफा निघाल्या, दर आठवड्याला उलथला की थोडा खाली बसला. वास हळूहळू गेला. वर बनुबाईनं धसकटं अंथरली.

अवसेला थंडी कडाक्याची होती. गहिनीनाथ पेरणीची पांभर दुरुस्तीला सुताराकडे गेला होता. सूर्यभान घोंगडी पांघरून आला, इकडेतिकडे हुंगला, एका उंचवट्यावर टेकला आणि तंबाखू मळू लागला. बुडाला ऊब लागताच तो ऐसपैस झाला.

"ढीग हलीवला म्हना की. ब्येस झालं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. बनुबाईनं पदर पुढं ओढला आणि दावणीच्या बैलाला सांगितलं, "ढवळ्या, ढीग जाग्यावरच हाय. भावजी त्येच्यावर बसल्यात."

सूर्यभानचा अंगठा तळहातावर थांबला. त्यानं बुडाखालची धसकटं सारली, मूठभर काढून नाकाशी नेलं. काळं, भुसभुशीत, चाळलेल्या मातीसारखं. पुन्हा हुंगलं. उठायला हवं होतं, पण खाली शेगडी आणि वर पौषातला वारा. तो बसूनच राहिला.

मग तोही बैलाकडे वळला.

"इचार रं, माझ्या लसनाला दोन पाट्या मिळत्याल का?"

बनुबाईनं पाटी उचलली. आधी कांद्याचे वाफे भरू दे, उरलं तर लसणाचं बघू, असं तिनं बैलाला सांगितलं. आणि भरायचं म्हणजे भावजींना आता उठावं लागेल, हेही.