दुसरा कातरणारा

चंद्रभान परभणीतल्या एका विनाअनुदानित शाळेत इतिहास शिकवायचा. पगार कधी उशिरा, कधी अर्धा, कधी नुसतंच आश्वासन. घरभाडं आणि मुलीचं दूध मात्र थांबत नव्हतं. दिवाळी झाली तसं त्याने बायकोला, साधनाला, सांगितलं की रविवारी जिंतूरला जादा तास घ्यायचे आहेत. खरं तर तो तिकडच्या गावांत मेंढ्या कातरायला जात होता.

हे काम त्याला लहानपणापासून येत होतं. ताडकळसजवळच्या त्याच्या गावी वडील दत्तराव यांची मेंढरं होती. नोकरी लागली तेव्हा चंद्रभाननेच हट्ट धरून ती विकायला लावली. "लोक मला सर म्हणायलेत, आबा. तुमी मेंढरामागं फिरलेलं बरं दिसत न्हाई. आता बसून खावा," असं तो म्हणाला होता. दत्तरावांनी कातर तेवढी ठेवून घेतली होती. अलीकडे गावी पैसे पाठवणं जमत नव्हतं. तरी फोनवर ते म्हणायचे, "आमचं लय चांगलं चाललंय. तू तुझं बघ."

त्या रविवारी चारठाण्याच्या बन्सीधरकडे काम होतं. इतक्या लांब आपल्याला कोण ओळखणार, म्हणूनच चंद्रभानने हे गाव निवडलं होतं. शाळेतली पँट त्याने वाटेत एका बंद टपरीमागे बदलली आणि तोंडाला उपरणं गुंडाळून मेंढवाड्यात शिरला.

"कळप मोठा हाय," बन्सीधर म्हणाला. "आनखी एक म्हातारे येतेत. कामाला लय साफ."

पहिली मेंढी अर्धी होते न होते तोच ते म्हातारे आले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, काखेत कातर. चंद्रभानने मान वर केली आणि त्याचा हात तिथेच थांबला. दत्तराव होते.

त्यांनीही पाहिलं. उपरण्यावरचे डोळे बापाला ओळखू येणार नाहीत असं थोडंच होतं! क्षणभर त्यांचे ओठ हलले. मग ते शेजारी बसले, एक मेंढी पायात धरली आणि म्हणाले, "राम राम पाव्हणं. कोन्या गावचे?"

"परभणीकडचा," चंद्रभान म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"आसं का."

दोघं कातरायला लागले. नुसता कातरींचा आवाज. वडील आपल्याला वाचवतायत, परक्या माणसापुढे पोराची अब्रू जाऊ नये म्हणून पोरालाच अनोळखी करतायत, हे चंद्रभानला कळत होतं. आपण आत्ता उठून त्यांच्या हातातली कातर घ्यायला हवी, हेही कळत होतं. तो उठला नाही. मेंढी उलटवताना वडिलांना दम लागत होता, आणि प्रत्येक वेळी चंद्रभान खाली बघत होता.

दुपारी बन्सीधरच्या बायकोने, कस्तुराबाईने, भाकरी आणि पिठलं आणलं. जेवायला बसताना उपरणं सोडावंच लागलं. बन्सीधरने सहज विचारलं, "काका, या वयात एवढ्या लांब येता. घरी लेकरू-बाळ न्हाई का?"

"हाय की. पोरगा सर हाय परभणीला. मोठ्या शाळंत."

"मंग तुमी कातर कशाला धरायलेत?"

"बसून करमत न्हाई," दत्तराव म्हणाले.

बन्सीधर हसला. "करमत न्हाई म्हणून कोन दोन एसट्या बदलून येतंय का? आपन सर व्हायचं अन् बापाला दुसऱ्याच्या मेंढवाड्यात बसवायचं. असलं पोरगं काय कामाचं?"

दत्तरावांनी हातातला घास ताटात टाकला. "माझ्या पोराला बोलायचं काम न्हाई. तुमाला काय ठावं त्याचं? त्यो लय जीव लावतो आमाला." ते उठून उभे राहिले. "आसं बोलनार असलात तर ऱ्हाऊ द्या तुमची भाकर."

"आबा, बसा," चंद्रभान म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "बसा आबा. त्यांचं काय चुकलं?" तो बन्सीधरकडे वळला, पण नजर वर जाईना. "तो पोरगा मीच हाय."

बन्सीधरचा चेहरा उतरला. कस्तुराबाई पदर सावरत दोघांच्या मधे बसली, दत्तरावांच्या ताटात नवी भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेवा काका. थंड व्हायलंय."

ते जेवले. दुपारनंतर वडिलांसाठी मेंढ्या धरून उलटवायचं काम त्यानेच केलं. सकाळीच करता आलं असतं.

उन्हं कलल्यावर दत्तराव चंद्रभानच्या मोटारसायकलवर मागे बसले. चंद्रभानने त्यांना जिंतूरच्या स्टँडवर आणलं. तिथे उतरल्यावर ते म्हणाले, "मी तुला कळू देनार न्हवतो. तुझं नाव खराब होईल म्हणून इतक्या लांब आलो."

"मीबी तसाच आलो, आबा."

"मायला सांगू नको. तिला वाटतंय मी नात्यागोत्यात गेलो."

"सांगनार हाय मी. साधनालाबी सांगनार हाय."

दत्तरावांनी मान हलवली. होकार की नकार, चंद्रभानला समजलं नाही. बस लागली आणि ते चढून गेले.

घरी येऊन त्याने साधनाला सगळं सांगितलं. कातरायला जातो याचं तिला काही वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अन् अर्धा दिवस तुमी नुसतं बघत बसलात?"

पुढच्या रविवारी काम बोरीला होतं. चंद्रभानने फोन करून वडिलांना ठिकाण सांगितलं होतं. तो पोचला तेव्हा दत्तराव आधीच येऊन बसले होते. या खेपेला त्याने तोंड बांधलं नव्हतं.

"ह्यो आमचा चंदर," त्यांनी मेंढरांच्या मालकाला मोठ्याने सांगितलं. "परभणीला सर हाय."

मालकाने त्याच्या हातातली कातर बघितली, मग चंद्रभानकडे बघितलं. चंद्रभानचे कान तापले. तो वडिलांच्या शेजारी बसला आणि त्याने मेंढी धरली.