टेबलाखालची बोटं

मिलोने टेबलाखालून हार्लनच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली, लगेच मूठ दाबली, आणि हार्लन माईकमध्ये गरजला, "मारला! मधोमध, उंच, पार मागे... आणि झेल! वॉरेनने धावत जाऊन टिपला. काय पळतं हे पोरगं, मिलो!"

"पळेल नाही तर काय. आई टपाल वाटते त्याची," मिलो म्हणाला. "कुत्र्यांपुढे पळणं घराण्यातच आहे."

हार्लन खो खो हसला. ते हसणं सगळ्या परगण्याच्या ओळखीचं होतं. ट्रॅक्टरवर, गोठ्यात, टोमॅटो उकळणाऱ्या स्वयंपाकघरात, जिथे जिथे रेडिओ चालू होता तिथे कुणी ना कुणी त्याच्याबरोबर हसलं असणार.

हार्लन व्हॉस हेरॉन्स या बेसबॉल संघाचे सामने रेडिओवरून सांगायला लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर काळे केस होते. मिलो कुबिचेक त्या काळात त्याच संघाचा कॅचर होता, फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, मैदान सुटलं, आणि हार्लनने त्याला मैदानाकडेच्या माडीवरच्या या लाकडी खोलीत आपल्या शेजारी बसवलं. काय झालं ते हार्लनने सांगायचं, का झालं ते मिलोने, आणि लोक ओरडायला लागले की दोघांनीही गप्प बसायचं. एवढ्या एका नियमावर त्यांची जोडी आयोवात गाजली. नवराबायकोत नसेल एवढं या दोघांचं जुळतं, असं लोक म्हणत. मिलोची बायको तर हे रागानेच म्हणायची.

गेल्या वर्षीच्या वसंतात, सामना संपल्यावर, हार्लन गाडीला टेकून उभा राहिला होता.

"नजरेच्या मधोमध डाग पडलाय," तो म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. समोरचं नाही. चेंडू तर मुळीच नाही."

"मग?"

"मग काय मग? तू कॅचर ना? खुणा कर."

कॅचरचा जन्म खुणा करण्यातच जातो. मांड्यांच्या मध्ये बोटं धरायची, पिचरने ती बघायची आणि तसा चेंडू टाकायचा. मिलोला नवीन काही शिकावं लागलं नाही. एक बोट म्हणजे चेंडू डावीकडे, दोन म्हणजे मधे, तीन म्हणजे उजवीकडे. मूठ म्हणजे झेल, चापट म्हणजे जमिनीवर पडला. हार्लनच्या मनगटावर तो हे सगळं पापणी लवायच्या आत सांगे, आणि उरलेलं हार्लनचा गळा बघून घेई. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला पत्ता लागला नाही.

आज मात्र हात टेबलाखाली न्यावा लागला होता, कारण मागे घडीच्या खुर्चीवर जोलीन राडके बसली होती. रेडिओ केंद्राची नवी व्यवस्थापक. सकाळीच तिने मिलोला फोन केला होता.

"हार्लन हल्ली थकल्यासारखे वाटतात," ती म्हणाली होती. "पुढच्या हंगामापासून मुख्य माईक तुम्ही घ्याल का? आज मी येऊन ऐकते. मग ठरवू."

मिलो नाही म्हणाला नाही. विचार करतो, म्हणाला. आणि हार्लनला त्याने त्यातलं काही सांगितलं नाही.

तो दमला होता, खरं तेच. प्रत्येक चेंडू दोनदा बघायचा, एकदा स्वतःसाठी, एकदा दुसऱ्यासाठी, आणि वर किराणा दुकानात ऐकायचं, "हार्लनची नजर या वयातही काय तेज आहे हो!" अशा वेळी मिलोला राग यायचा. त्याहून वाईट म्हणजे, ती खुर्ची त्याला हवी होती. आजपासून नाही, कितीतरी वर्षांपासून. घरी परतताना गाडीत तो एकटाच मोठ्याने सामने सांगे, आणि गाव आलं की गप्प बसे.

ऑगस्टचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता. जाहिरात लागली तशी जोलीनने विचारलं, "हार्लन, दमलात का?"

"दमायला काय झालं? धावतात ती पोरं. मी नुसता बसलोय बाई."

मिलोने टेबलाखाली बोटं चोळली. उजव्या हाताची मधली दोन जुनीच मोडकी, चेंडू झेलून झेलून वाकडी झालेली. दमट हवेत ती ठणकायची.

सातव्या डावात पाहुणे एका धावेने पुढे होते. हेरॉन्सचे दोन गडी धावेच्या अर्ध्या वाटेवर, बेसवर, आणि बॅट घेऊन पेराल्टा उभा. बसून असलेली माणसंही पुढे सरकली. पिचरने टाकलेला चेंडू पेराल्टाने असा काही हाणला की तो सरळ उजव्या कोपऱ्याकडे सुटला. मिलोचा हात हार्लनच्या गुडघ्यावर गेला. तीन बोटं टेकायची होती.

एकच टेकलं.

"डावीकडे!" हार्लन ओरडला. "डावीकडे, मागे, अजून मागे..."

खाली मांडीवर रेडिओ घेऊन बसलेली माणसं एकेक करून वळली आणि माडीकडे बघायला लागली. चेंडू उजव्या कोपऱ्यात पडून भिंतीवर आदळला होता. दोन्ही गडी धाव पुरी करून घरच्या बेसवर आले, हेरॉन्स पुढे गेले. मिलोला एकच शब्द बोलायचा होता. उजवीकडे, हार्लन. एवढं म्हणून वर एखादा विनोद केला असता तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. तो बोलला नाही. मागे खुर्ची कुरकुरली.

हार्लनने लोकांना ओरडू दिलं. गलका उतरला तेव्हा तो माईकजवळ झाला.

"मंडळी, चेंडू उजवीकडे गेला. चुकलो मी." तो थांबला. "आणि आता बोलतोच आहे तर सगळंच सांगतो. गेल्या हंगामापासून मला चेंडू दिसत नाही. दिसतो तो मिलोला. तुम्ही ऐकता ते त्याचे डोळे असतात. तेव्हा पुढचं त्यालाच सांगू द्या."

तो टेबलाला धरून उठला आणि आपली खुर्ची मोकळी केली. सुंठीवाचून खोकला गेला. मिलो त्या खुर्चीत बसला, आणि उरलेला डाव त्याने सांगितला. चांगला सांगितला, अडखळला नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. डाव संपला तशी जोलीनने त्याच्याकडे बघून पसंतीची मान हलवली आणि फोन करायला ती खाली उतरली.

बियाण्याची जाहिरात सुरू झाली.

"बोट घसरलं," मिलो म्हणाला. "ही दोन ठणकतात. सरळ होईनात."

"हं."

"हार्लन, खरंच."

हे खरं होतं का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हार्लनने टोपी काढून कपाळ पुसलं.

"उजवीकडे गेला ते कळलं होतं मला," तो म्हणाला.

"कसं कळलं?"

"ऐकून. तिकडची बाकं पत्र्याची आहेत. माणसं उठली की खडखडतात. नेहमी नाही कळत. आज कळलं."

"मग डावीकडे कशाला ओरडलास, म्हाताऱ्या?"

"तू डावीकडे सांगितलंस म्हणून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिलोला सोपं गेलं असतं; भांडायचं कसं ते दोघांना चांगलं ठाऊक होतं. तो काहीतरी म्हणणार तेवढ्यात जाहिरात संपली आणि टेबलावरचा माईक चालू झाल्याचा लाल दिवा लागला.

मिलोने धावा सांगितल्या. आठवा डाव, म्हणाला. पुन्हा धावा सांगितल्या. खाली पिचरने चेंडू टाकला, फलंदाजाने तो सोडून दिला, पंचाने हात वर केला, आणि मिलोच्या घशातून आवाज फुटेना. रेडिओवर नुसता लोकांचा गलबला जात राहिला.

हार्लनने चाचपडत दुसरा माईक ओढून घेतला.

"मंडळी, मिलोचा घसा बसलाय जरा," तो म्हणाला. "धूळच आहे आज फार. तो पाणी पिऊन घेईपर्यंत तुमच्याशी मीच बोलतो."