पांढरा पट्टा, तपकिरी पट्टा

रबिहाला बाळाच्या खोलीत खजुराच्या काकवीसारखा गडद तपकिरी रंग हवा होता. मला पांढरा चुना.

"वन्सं, ही काय तुमची शाळेतली प्रयोगशाळा आहे?" माझी भावजय म्हणाली. "पांढऱ्यावर उजेड आपटतो, डोळे दुखतात."

"पांढऱ्यावर विंचू दिसतो."

"तुम्हाला रोटीतसुद्धा विंचू दिसतो."

शेवटी आम्ही भिंतीवर दोन पट्टे शेजारी शेजारी मारले. वाळल्यावर ठरवू म्हटलं.

आमच्या वाळवंटातल्या केबिली गावात उन्हाळ्यात विंचू वर चढू नयेत म्हणून बाळाच्या खाटेचे पाय पाणी भरलेल्या डब्यांत ठेवतात. रंगवताना अडचण नको म्हणून मी डबे अंगणात नेले होते. परत आणायला विसरले. दुपारी रबिहाची तीन महिन्यांची मुलगी तिब्र झोपली तेव्हा खाट थेट जमिनीवर होती आणि भिंतीला टेकलेली होती.

झडपांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी पट्ट्यांकडे पाहत होते. पांढऱ्यावर बोटाएवढं काळं काहीतरी खाली सरकत होतं. शेपटी वर वळलेली. ते तपकिरी पट्ट्यावर गेलं आणि दिसेनासं झालं.

"रबिहा, हलू नकोस."

"काय झालं?"

"तुझ्या रंगात विंचू शिरलाय."

ती हसली नाही. आम्ही दोघी तपकिरी भिंतीकडे टक लावून पाहत राहिलो. गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा हलल्यासारखा वाटत होता. विंचू माणूस लहान बघून विष कमी टोचत नाही. तिब्रचं वजन होतं साडेपाच किलो. दवाखाना चाळीस मिनिटांवर.

"वन्सं, तुम्ही घ्या तिला," रबिहा कुजबुजली. "मी चप्पल घेते."

वाकून मी तिब्रला उचललं आणि मागे न पाहता अंगणात आले. विंचू आत शिरला असेल तर, म्हणून आता दुपटं सोडायचं होतं. त्याचे पाच वेढे. प्रत्येक वेढा सोडताना मी श्वास रोखत होते. चौथ्याला तिब्र किंचाळली. रबिहाने चप्पल उगारली.

शेवटच्या वेढ्यात नुसतं बाळ होतं, भुकेलं.

संध्याकाळी रबिहाने न विचारता सगळी खोली चुन्याने पांढरी केली. एका हातात ब्रश, दुसऱ्यात चप्पल. विंचू सापडला नाही.

"आता दिसेल ना?" तिने विचारलं.

"भिंतीवर असेल तर दिसेल," मी म्हणाले.

तिब्र तेव्हापासून माझ्या खोलीत झोपते. मी फारशी झोपत नाही.